मुंबई ते दिल्ली: भागाकार ऐंशी मिनिटांचा, प्रवास सव्वादोन तासांचा

मुंबई आणि दिल्ली या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. राजधानी एक्सप्रेसला हाच पल्ला गाठायला १,३८४ किलोमीटर लोहमार्ग कापावा लागतो. प्रवासी जेट विमान उंचावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार केला की उत्तर ऐंशी मिनिटांच्या थोडे पुढे जाते, पण तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपासची वेळ असते. या जवळपास तासाभराच्या फरकाचे खापर अनेक जण विमान कंपनीवर फोडतात, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

पहिली गोष्ट अशी, की वेळ उड्डाणापासून मोजलीच जात नाही. चाकांपुढचे ठोकळे काढून छोटा ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलू लागला, की घड्याळ सुरू होते आणि दिल्लीत विमान उभे राहीपर्यंत चालते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. रांगेतली दहा-पंधरा मिनिटे तिथेच जातात.

पुढे चढण लागते. दहा हजार फुटांखाली वेग सहसा ताशी ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि पस्तीस हजार फुटांवर पोहोचेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे सरतात. उतरण तर दिल्ली दोनशे किलोमीटर दूर असतानाच सुरू होते. म्हणजे पूर्ण वेगाने उडण्याजोगा पल्ला उरतो जेमतेम सातशे किलोमीटरचा. तिथेही वेग हवा तेवढा वाढवता येत नाही, कारण त्या उंचीवरच्या गारठ्यात ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटर असतो आणि त्याच्या जवळ जाऊ लागताच हवेचा अवरोध झपाट्याने वाढून इंधन भरमसाट जळते.

राहिला वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्याचा झोत वाहतो, ज्याला जेट प्रवाह म्हणतात. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत ठरतो; त्यामुळे ताशी १५० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ९८०, आणि समोरून असेल तर ६८० भरतो. दिल्लीहून कोलकात्याला जाताना म्हणूनच वेळ वाचतो आणि परतताना तो अधिक लागतो. मुंबई–दिल्ली मार्गाला हा वारा बराचसा आडवा येतो. दिल्ली मुंबईच्या किंचित पूर्वेला असल्याने जाताना त्याची थोडी मदत होते खरी, पण मार्ग ढळू नये म्हणून विमानाचे नाक सतत थोडे पश्चिमेकडे वळवून ठेवावे लागते. नदी ओलांडताना नावाडी होडीचे तोंड प्रवाहाविरुद्ध तिरपे धरतो, अगदी तसेच.