‘पूर्वीची ब्लेडं’ म्हणजे नेमकी कधीची?

आज वाण्याकडून दाढीचं दुधारी ब्लेड आणलं आणि १९३५ सालच्या रेझरमध्ये घातलं, तर ते बिनबोभाट बसतं. मधली चीर तीच, कापलेले कोपरे तेच. म्हणून तर जुन्या आणि नव्या ब्लेडांची सरळ तुलना करता येते. रेझर तोच, साबण तोच, गाल तोच, बदलायचं ते फक्त पातं. अशी तुलना करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: पूर्वीची ब्लेडं वेगळीच होती. वेगळी होती हे खरंच, पण पूर्वीची म्हणजे कधीची, असं विचारलं की घोडं अडतं. १९५५चं ब्लेड आणि १९७०चं ब्लेड, दोन्ही जुनीच. पण त्या दोघांत जेवढं अंतर आहे तेवढं १९७० आणि आजच्या ब्लेडात नाही.

किंग कँप जिलेट हा बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. एकदा वापरून फेकायची आणि पुन्हा विकत घ्यायची अशी एखादी वस्तू शोध, हा सल्ला त्याला मिळालेला होता. १८९५ साली बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये बोथट वस्तरा हातात असताना त्याला ती वस्तू सुचली. अडचण पोलादाची होती. पत्र्यासारखं पातळ पोलाद कडक करून त्याला धार लावता येणार नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते करून दाखवलं. १९०१ साली कंपनी उभी राहिली. १९०३ साली विकले गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं, आणि पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. घरी परतलेल्या शिपायाला रोज स्वतःच्या हाताने दाढी करायची सवय लागलेली होती.

१९२१ला मूळ पेटंट संपलं आणि नकलांचा सुळसुळाट झाला. आज आपण पाहतो तो लांब चिरेचा आकार १९३०च्या सुमारास, पेटंटच्या भांडणातून आणि हेन्री गेझमनच्या ऑटोस्ट्रॉप कंपनीशी झालेल्या विलीनीकरणातून आला. जुन्या मालाच्या भक्तांनी इथे जरा थांबावं. या नव्या आकाराची सुरुवातीची ब्लेडं इतकी बेभरवशाची निघाली, की १९३२ साली कंपनीने ती दर्जाला उतरली नव्हती अशी जाहीर कबुली जाहिरातीतूनच दिली आणि ‘ब्लू ब्लेड’ बाजारात आणलं. म्हणजे ‘पूर्वीचा माल’ वाईट असल्याचं खुद्द बनवणाऱ्यानेच छापून सांगितलेलं आहे.

ही सगळी ब्लेडं कार्बन पोलादाची. त्यात सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि गंज रोखणारं क्रोमियम जवळजवळ नसतंच. अशा पोलादाला धार लवकर आणि चांगली लागते, पण ओल्या धारेवर गंज धरतो, आणि धार म्हणजे ब्लेडाचा सगळ्यात पातळ भाग. म्हणून दाढी झाली की ब्लेड काढायचं, फडक्याने टिपायचं, कोरडं करून ठेवायचं. काचेच्या पेल्याच्या आत बोटाने दाबून ब्लेड गोल गोल घासायचं आणि त्यातून आणखी दोन दाढ्या काढायच्या, हा उद्योग कित्येक घरांत चालायचा. त्याने नवी धार येत नाही, वाकलेली कड थोडी सरळ होते, एवढंच. तीन-चार दाढ्यांनंतर ब्लेड केस कापेनासं व्हायचं, नुसतं ओढायचं. बिनपाण्याने हजामत म्हणजे काय, ते पाणी लावूनही कळायचं.

मग १९६०च्या आसपास दोन-तीन वर्षांत सगळं बदललं. १९६० साली जिलेटने ‘सुपर ब्लू’ आणलं. पोलाद कार्बनचंच, पण धारेवर सिलिकोनचा थर. पाठोपाठ विल्किन्सन स्वॉर्ड ही तलवारी आणि बागकामाची अवजारं बनवणारी इंग्लिश कंपनी स्टेनलेस ब्लेड घेऊन उतरली, धारेवर टेफ्लॉनचा थर असलेलं. ते कार्बनच्या ब्लेडापेक्षा कित्येक पट टिकायचं. माल पुरेना, दुकानदारांनी गिऱ्हाइकाला मोजून ब्लेडं द्यावीत अशी वेळ आली. गंमत अशी की थर देण्याच्या पद्धतीचं पेटंट जिलेटकडे होतं आणि विल्किन्सन त्याचं शुल्क भरत होती. हातातली विद्या जिलेटने वापरली नव्हती, कारण कार्बन ब्लेडांचा धंदा उत्तम चालला होता. शेवटी १९६३मध्ये जिलेटलाही स्टेनलेसवर यावं लागलं.

सगळी मेख या थरातच आहे. स्टेनलेस पोलादाला नुसती धार लावली तर ते गंजत नाही, पण केस ओढतं. ओला झाला तरी केस काही लोणी नसतो. धार केसात शिरताना घर्षण कमी हवं, नाहीतर तो आधी ताणला जातो आणि मग कापला जातो. टेफ्लॉन ते घर्षण कमी करतं. पण त्याची भुकटी वितळून धारेवर बसवायची, तर तीनशे सव्वीस-सत्तावीस अंशांच्या पुढे तापमान लागतं. एवढ्या उष्णतेत कार्बन पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं. १३ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस मात्र आपला कडकपणा बऱ्यापैकी टिकवून ठेवतं. थोडक्यात, स्टेनलेसचं महत्त्व गंजापुरतं नव्हतं, त्याच्यामुळे थर देणं परवडलं. कोऱ्या ब्लेडाची दुसरी दाढी पहिलीपेक्षा गुळगुळीत झाल्याचं काही जण सांगतात, तेही याच थरामुळे. पहिल्या काही फटकाऱ्यांत वरचा जाड थर निघतो आणि धारेला चिकटलेला पातळ पापुद्रा उरतो.

१९६९मध्ये जिलेटचं ‘प्लॅटिनम-प्लस’ आलं. प्लॅटिनम-क्रोमियमच्या लेपाने धारेला आणखी बळकटी मिळाली. जुनी ब्लेडं जमवणारे हळव्या आवाजात ज्यांच्याबद्दल बोलतात ती बहुतेक याच बारा-तेरा वर्षांतली, १९६२ ते १९७५च्या दरम्यानची. कारण सरळ आहे: जगातल्या मोठ्या कंपन्या आपली सगळी अक्कल आणि पैसा या एकाच चपट्या पात्यावर लावत होत्या. १९७१ला दोन पात्यांचं ‘ट्रॅक टू’ आलं आणि ती अक्कल कार्ट्रिजकडे, म्हणजे पात्यांसकट बदलायच्या डोक्याकडे, वळली. दुधारी ब्लेडाचं संशोधन तिथेच थांबलं. बनवणं मात्र थांबलं नाही, ते दुसरीकडे गेलं.

जिथे गेलं त्यात आपलाही वाटा मोठा आहे. कोलकात्याच्या हरबंसलाल मल्होत्रा कंपनीचं टोपाझ आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपर-मॅक्स ही नावं आपल्याकडच्या दोन पिढ्यांच्या गालाला ठाऊक आहेत. सुपर-मॅक्स तर परदेशातही भरपूर गेलं. पाश्चात्त्य देशांत दुधारी ब्लेड हौशी लोकांपुरतं उरलं, तेव्हा इथे ते रोजचं होतं. ते मोडायला जिलेटला २०१० साली खास भारतासाठी एका पात्याचा ‘गार्ड’ काढावा लागला, रेझर १५ रुपये आणि कार्ट्रिज ५ रुपये. सलूनमध्ये अजूनही कारागीर ब्लेड कागदासकट मधोमध कट्‌कन मोडतो आणि अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतो. एड्सच्या भीतीच्या काळात ‘प्रत्येक ग्राहकास नवीन ब्लेड’ अशा पाट्या लागल्या, त्या या अर्ध्या पात्याच्या स्वस्ताईमुळेच पाळता आल्या.

मग आजचं ब्लेड उतरलंय का? माझं मत: चांगल्या कारखान्याचं उतरलेलं नाही. पात्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटरवर स्थिरावली आहे (जिलेटचं पहिलं ब्लेड याच्या दीडपट जाड होतं), आणि जपानच्या फेदर ब्लेडाइतकी तीक्ष्ण धार जुन्या काळी सर्रास मिळत होती असं मला वाटत नाही. खरी तक्रार आहे ती एकाच पाकिटातल्या दोन ब्लेडांमध्ये पडणाऱ्या फरकाची, आणि ती स्वस्त मालाबाबत रास्त आहे. पण धार मरते कशी, याचं उत्तर २०२०मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पोलादापेक्षा पन्नास पट मऊ असलेला केस ब्लेडाच्या कडेचे कपचे उडवतो. धारेवर जिथे पोलादाची घडण कमी-जास्त असते, तिथे केस वाकून एका बाजूने दाब देतो आणि टवका निघतो. म्हणजे पोलाद जितकं एकजिनसी, तितकं ब्लेड टिकाऊ. हे १९६५लाही खरं होतं आणि आजही आहे.

शिवाय जुन्या ब्लेडांची परीक्षा आपण करतो ती पन्नास वर्षं कपाटात पडून राहिलेल्या मालावर, आणि त्यातही ज्यांनी त्या काळी नाव कमावलं तीच पाकिटं लोकांनी जपून ठेवली. रद्दी ब्लेडं केव्हाच रद्दीत गेली.

आजोबांच्या दाढीच्या डब्यात मला एक न उघडलेलं पाकीट सापडलं, कार्बन पोलादाच्या दहा ब्लेडांचं. आत मेणकागद, त्याला तेलाचा वास, ब्लेड कागदाला दोन ठिपक्यांनी चिकटलेलं. सोलून काढलं तेव्हा कडेपासून आत एक तपकिरी डाग दिसला, धारेवर नव्हता. आजोबांच्याच रेझरमध्ये बसवून दाढी केली. दोन्ही गाल झकास झाले, खोटं कशाला बोलू. हनुवटीखाली मात्र ब्लेडाने ओढलं आणि तुरटी काढावी लागली. मुद्दाम न पुसता ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी धारेवर चहाच्या रंगाची बारीक रेघ आली होती. उरलेली नऊ बायकोने शिवण उसवायला नेली. तिचं म्हणणं, या कामाला नवी ब्लेडं फार वाकतात.