अँटिडिप्रेसंट गोळ्या आणि लेकरांच्या टिक्स

टिक म्हणजे एकदम येणारी अन् परत परत होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणं, मान झटकणं, खांदा उडवणं, नाक ओढणं, खाकरणं. लेकरू हे मुद्दाम करत नाही, पण थोडा वेळ दाबून धरू शकतं, म्हणून तर घरच्यांना वाटतं की नाटक करायलंय. जरा मोठी लेकरं सांगतात की आधी आतून वळवळल्यासारखं होतं, शिंक यायच्या आधी होतं तसं, अन् टिक झाली की दोन क्षण बरं वाटतं. मराठवाड्यात याला सरसकट 'खोड' म्हणतात, कुणी नजर लागली म्हणतं, अन् मानसोपचारवाल्याकडं पोचायच्या आधी डोळ्याचा डॉक्टर, मग कान-नाक-घशाचा डॉक्टर, मधी एखाद्या देवस्थानाची वारी एवढं सगळं झालेलं असतं.

अनेक हालचालीच्या टिक्स अन् निदान एक आवाजाची टिक वर्षाच्या वर राहिली, सुरुवात १८ च्या आत झालेली असली, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरनं १८८५ मधी नऊ पेशंटचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून हे नाव. सिनेमात दाखवतात तसं तोंडातून शिव्या निघणं फार थोड्यांमधी असतं, साधारण दहातल्या एखाद्यात.

आता यात अँटिडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, कुठून आली? टिकसाठी ती देतच नाहीत. टिकवाल्या लेकरांमधी ओसीडी, म्हणजे हात धूत बसणं, कडी लागली का परत परत बघणं, अन् घाबरेपणा बऱ्याचदा सोबत असतो, त्यासाठी फ्लूओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लूवॉक्सामीन ही एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, अँटिडिप्रेसंट औषधं चालू होतात. अमेरिकेत ओसीडीसाठी सर्ट्रालीन ६ वर्षांपासून, फ्लूओक्सेटीन ७ पासून, फ्लूवॉक्सामीन ८ पासून मान्य आहे. पण पाकिटावरचं नाव गूगल केलं की 'डिप्रेशनची गोळी' दिसते अन् घरात वाद सुरू.

संशोधनातला पहिला प्रश्न असा की या गोळ्यांनी टिक सुरू होते का, वाढते का. एकेका पेशंटचे तसे रिपोर्ट १९९० च्या दशकापासून छापून आलेत, अन् कारणही पटण्यासारखं आहे, कारण मेंदूत सेरोटोनिनची यंत्रणा डोपामिन या दुसऱ्या रसायनाच्या यंत्रणेशी जोडलेली आहे अन् टिकचा संबंध डोपामिनशी लावतात. पण एकेकट्या केसवरून काही ठरत नाही, अन् इथं घोळ वेळेचा आहे. टिक साधारण ४ ते ६ वर्षाला सुरू होते, १० ते १२ ला सगळ्यात जोरात असते, अन् ओसीडी नेमकी त्याच सुमाराला डोकं वर काढते. म्हणजे गोळी चालू व्हायची वेळ अन् टिकचा जोर एकाच वेळी! त्यात टिक्स मुळात कधी वाढतात कधी आपोआप कमी होतात. आई म्हणती, "गोळी चालू केली अन् मान झटकायला लागलं बगा," ते खोटं नसतं, पण मागच्या उन्हाळ्यातल्या लग्नाचा मोबाइलमधला व्हिडिओ काढला की हळदीत मागं उभं राहून तेच लेकरू मान झटकताना दिसू शकतं, तेव्हा गोळीचा पत्ता नव्हता. माझ्या मते हा व्हिडिओ कुठल्याही तपासणीइतकाच कामाचा. शिवाय या गोळ्यांनी सुरुवातीला काही लेकरं चुळबुळी, चिडचिडी होतात, झोप उडते, तीही टिक समजली जाते. डोस वाढवताना घाई न करणं हे त्याच्यासाठीच, अन् गोळी एकदम बंदही करू नये.

दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. टिक असली तर ओसीडीवर गोळी कमी लागू पडते का? २००४ मधी अमेरिकेत ओसीडीच्या ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर एक मोठा अभ्यास छापला गेला, सर्ट्रालीन, वर्तनोपचार (गोळीशिवाय, सराव करून वागणं बदलायचा उपचार), दोन्ही मिळून, अन् नुसती खोटी, औषध नसलेली गोळी अशा चार गटांत. २००७ मधी त्यातल्या टिकवाल्या १७ जणांचा वेगळा हिशोब मांडला, तर त्यांच्यात एकटी सर्ट्रालीन खोट्या गोळीपेक्षा काही वेगळी ठरली नाही, वर्तनोपचार मात्र चालला. आता १७ जण चार गटांत वाटले तर एका गटात चारेक लेकरं, हे विसरून चालत नाही. पण अर्थ असा की टिक असेल तर नुसत्या गोळीवर भागवू नये.

गोळीनं टिक कमी झाल्याचं उलटं उदाहरण पण आहे. डेसिप्रामीन ही जुन्या गटातली अँटिडिप्रेसंट, २००२ च्या ४१ मुलांच्या अभ्यासात तिनं चंचलपणा अन् टिक दोन्ही कमी केले. पण हृदयाच्या भीतीनं लेकरांमधी ती मागं पडली.

गोळ्यांची जोडी हा वेगळाच विषय. टिकसाठी पिमोझाइड चालू असेल तर सर्ट्रालीन किंवा फ्लूओक्सेटीन सोबत चालत नाही, हृदयाचे ठोके बिघडायचा धोका. फ्लूओक्सेटीनमुळं टिकसाठीच देतात त्या रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोल यांचं रक्तातलं प्रमाण पण वाढतं. त्यामुळं लातूरच्या डॉक्टरची चिठ्ठी अन् संभाजीनगरच्या डॉक्टरची चिठ्ठी वेगवेगळ्या पिशवीत ठेवू नये, दोन्ही दोघांना दाखवावी. २००४ पासून अमेरिकेत या गोळ्यांवर लहान मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा पण छापतात, म्हणून पहिले काही आठवडे लेकरावर नजर हवी.

खुद्द टिकसाठी वर्तनोपचार चांगला ठरलाय. २०१० च्या १२६ मुलांच्या अभ्यासात तो घेतलेल्यांपैकी ५२.५ टक्के सुधारले, नुसती माहिती अन् आधार मिळालेल्यांपैकी १८.५ टक्के. टिक यायची चाहूल ओळखून तिच्या आड येणारी दुसरी हालचाल करायची, मान झटकायची वाटली की हनुवटी हळूच खाली दाबून धरायची, असा तो प्रकार. आपल्याकडं हे शिकवणारी माणसं फार कमी. पण इंग्लंडात २०२१ मधी २२४ मुलांवर अशाच धर्तीचा उपचार इंटरनेटवरून देऊन बघितला अन् फरक पडला, म्हणजे एखाद्या खेड्यातल्या लेकराला त्यासाठी दर आठवड्याला एसटी धरावी लागेलच असं नाही, मराठीत शिकवणारं कुणीतरी पलीकडं बसलेलं पाहिजे.