नवीन बॅरलमध्ये तांबं दिसतंय? आधी हे वाचा

आमच्याकडून बंदुकीचं नवीन बॅरल, म्हणजे नळी, घेऊन गेलेल्यांचा दहा-पंधरा राउंड (गोळ्या) झाडून झाले की हमखास फोन येतो, तोंडाशी तांबूस पट्टे दिसतायत, माल खराब आहे का? बहुतेक वेळा नसतो.

बुलेटचं जॅकेट (वरचं आवरण) म्हणजे तांबं आणि त्यात ५ ते १० टक्के जस्त, स्टीलपेक्षा बरंच मऊ, त्यामुळे जिथे आतला पृष्ठभाग खरखरीत तिथे ते किसलं जातं. ही खरखर येते रीमरमुळे, म्हणजे भोक आतून कापून मापात आणणाऱ्या हत्यारामुळे. रीमर गोल फिरत पुढे जातो, म्हणून त्याचे ओरखडे आडवे पडतात आणि बुलेटला ते एकेक ओलांडून जावं लागतं, कानशीच्या दातांवरून गेल्यासारखं. लॅपिंगमध्ये, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करताना, आम्ही बॅरलमध्येच शिसं ओतून त्याचा गट्टू करतो, त्याला घासणारी पेस्ट लावून हाताने पुढेमागे ओढतो, म्हणजे राहिलेल्या रेषा बुलेटच्या दिशेनेच पडतात. हे काम वेळखाऊ आहे पण टाळण्यासारखं नाहीच.

मग लॅप केलेल्या बॅरलमध्ये तांबं का येतं? कारण चेंबर (काडतूस बसतं ती जागा) नंतर वेगळ्या रीमरने कापतात, आणि थ्रोटमध्ये, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढच्या भागात, त्या रीमरचे ताजे ओरखडे राहतात. तिथे किसलेलं तांबं गरम गॅसबरोबर पुढे जाऊन नळीत चिकटतं. राउंड जातील तसा थ्रोट गुळगुळीत होतो आणि तांबं आपोआप कमी होतं. म्हणून पहिले चार-पाच राउंड एकेक मारून साफ करा, मग तीन-तीनला, बास. काही जण पन्नास राउंडपर्यंत हेच करत बसतात, आमच्या मते त्यात साफ करायचा रॉडच नळीला जास्त घासतो.

साफ करताना बंदूक रिकामी आहे हे आधी बघा, खिडकी उघडी ठेवा. रॉड चेंबरच्या बाजूनेच घाला, बोअर गाइड (रॉड मधोमध सरळ ठेवणारी नळी) लावून. आधी कार्बन (दारूची काजळी) काढा मग तांबं, कारण थरावर थर बसलेले असतात. अमोनियावाल्या सॉल्व्हंटने पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) निळा आला म्हणजे तांबं आहे, पण पितळी जॅग (रॉडचं पॅच धरणारं टोक) वापरलात तर तो स्वतःच निळा रंग देतो आणि माणूस उगाच घासत राहतो, नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकचा जॅग घ्या. सॉल्व्हंट बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त आत ठेवू नका. पॉलिशची पेस्ट घरी तर अजिबात लावू नका, थ्रोट बिघडला की आम्हालाही काही करता येत नाही.

चाळीस-पन्नास राउंडनंतरही निळा तेवढाच येतोय आणि ग्रुप (निशाण्यावर गोळ्यांचा पडणारा झुबका) फाकतोय तर बॅरल घेऊन या, बोअरस्कोप (नळीच्या आत बघायची दुर्बीण) घालून तुमच्यासमोरच बघू. किती राउंडला किती पॅच लागले ते लिहून आणा, आणि त्या वेळी साफ न करता आणा, पट्टे नेमके कुठे आहेत ते बघायचं असतं.