सोयाबीनचं रोप बाटलीत का येईना?

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे वनस्पतीचा तुकडा किंवा पेशी बाटलीत वाढवण्याच्या, प्रयोगशाळांत सर्रास वापरलं जाणारं बी-५ माध्यम (पेशींना लागणारं पोषक मिश्रण) मुळात सोयाबीनसाठी तयार झालं. कॅनडात सॅस्काटून इथं गॅमबोर्ग आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या मुळांच्या पेशी द्रवात वाढवताना ते बसवलं आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध केलं. कार्लोस मिलर यांनी तर सोयाबीनच्या कॅलसचा, म्हणजे आकार न घेतलेल्या पेशींच्या गोळ्याचा, उपयोग सायटोकायनिन हे पेशी विभागायला लावणारं संप्रेरक मोजण्यासाठी केला. हे संप्रेरक मिळालं नाही की तो कॅलस वाढत नाही, म्हणून वाढीवरून प्रमाण कळतं. पेशी वाढवण्यात सोयाबीन असं पुढं होतं, पण त्या गोळ्यातून रोप येईना. ऑक्सिन हे दुसरं संप्रेरक आणि सायटोकायनिन यांचं प्रमाण बदललं की तंबाखूला मुळं किंवा कोंब फुटतात, हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं. सोयाबीन त्या हिशेबाला दाद देत नव्हतं.

माझ्या मते कोंडी फुटली ती माध्यमापेक्षा रोपाच्या तुकड्याच्या निवडीनं. तुरळक यश आधीही मिळालं होतं. १९८० मध्ये चेंग, साका आणि वोकी-दिन्ह यांनी बीजपत्र जिथं खोडाला जुळतं तो सांधा वापरून रोपं मिळवली. आजही ही रीत चालते. पाच-सात दिवसांचं रोप घ्यायचं, खालचा दांडा तीन-चार मिलिमीटर ठेवून छाटायचा, मधोमध चीर देऊन दोन्ही बीजपत्रं वेगळी करायची आणि वरचा कोंब खुडायचा. मग पात्याच्या टोकानं सांध्यावर बारीक ओरखडे काढून तुकडा बीएपी (एक सायटोकायनिन) घातलेल्या माध्यमावर ठेवायचा. जखमेभोवती हिरव्या कोंबांचा झुबका येतो. ते कोंब लांबवणं हे खरं जिकिरीचं काम. बरेचसे तिथंच खुंटतात.

दुसरी वाट कायिक भ्रूणांची, म्हणजे फलनाशिवाय साध्या पेशींपासून तयार होणाऱ्या भ्रूणांची. १९८३ मध्ये क्रिस्टियन्सन आणि सहकाऱ्यांनी द्रवात वाढवलेल्या पेशींपासून ती दाखवली. पुढं शेंगेतल्या कोवळ्या, हिरव्या दाण्यांवर भर आला. १९८६ मध्ये उषा बारवाले, कर्न्स आणि विडहोम यांनी अनेक वाणांच्या कॅलसपासून भ्रूण आणि कोंब अशा दोन्ही मार्गांनी रोपं मिळवली. या उषा बारवाले म्हणजे जालन्याचे बियाणे उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांच्या कन्या. सोयाबीनच्या या इतिहासात मराठवाड्यातलं नाव इतक्या लवकर येतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

१९८८ मध्ये सोयाबीनमध्ये जनुक घालण्याचे दोन प्रयोग यशस्वी झाले. एकात वनस्पतीच्या पेशीत जनुक पोचवणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणू आणि बीजपत्राचा सांधा वापरला, दुसऱ्यात कोंबाच्या टोकावर जनुक माखलेल्या सोन्याच्या कणांचा मारा केला. जिवाणू लावलेला तुकडा जखमेपाशी तपकिरी पडून मरतो, ही मोठी अडचण होती. २००१ मध्ये ओल्हॉफ्ट आणि सोमर्स यांनी माध्यमात सिस्टीन हे अमिनो आम्ल घालून जनुक पोचण्याचं प्रमाण वाढवलं.

वाणाचा अडसर मात्र कायम आहे. जॅक किंवा विल्यम्स ८२ या अमेरिकी वाणांवर बसलेली रीत विदर्भ-मराठवाड्यात वर्षानुवर्षं पेरल्या गेलेल्या जेएस ३३५ वर जशीच्या तशी लागू होईलच असं नाही. तिथं संप्रेरकांची मात्रा आणि रोपाचं वय पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं.