लांब पल्ल्याचे विमान निवडताना: एअर इंडियाच्या ताफ्याची पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने मुंबई ते न्यूयॉर्क अशी विनाथांबा सेवा सुरू केली. सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे हे अंतर पंधरा-सोळा तासांत कापणारे विमान होते बोइंग ७७७-२००एलआर. त्याच्या टाक्यांत जवळजवळ १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते आणि त्या इंधनाचे वजन १४५ टनांच्या आसपास भरते. उड्डाणाच्या वेळी संपूर्ण विमानाचे वजन जास्तीत जास्त ३४७ टन असू शकते. म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या, तर धावपट्टीवरून उचलल्या जाणाऱ्या भाराचा चाळीस टक्क्यांहून मोठा हिस्सा इंधनाचाच असतो. एवढ्या खटाटोपातून एअर इंडियाच्या या विमानात बसवली होती २३८ आसने. पुढच्या सात वर्षांत अशा आठ विमानांपैकी पाच एतिहाद या अबुधाबीच्या कंपनीला विकली गेली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क मार्ग पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा याच जातीची, पूर्वी डेल्टा या अमेरिकी कंपनीने वापरलेली विमाने भाड्याने आणावी लागली. घेतलेले विकावे आणि पुन्हा तेच भाड्याने आणावे, असे का घडले, हे कळण्यासाठी या कंपनीने प्रत्येक पिढीत लांब पल्ल्याचे विमान कशाच्या आधारावर निवडले, ते मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

एअर इंडियाची आंतरराष्ट्रीय सेवा ८ जून १९४८ रोजी सुरू झाली. मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलेल्या ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानात ३५ प्रवासी होते. ताफा अवघ्या तीन विमानांचा होता. वातावरणातील खळबळीच्या वर उडू शकणारे, हवेचा दाब राखणारी केबिन असलेले आणि दोन थांब्यांत युरोप गाठणारे विमान हवे, एवढी गरज स्पष्ट असल्यामुळे निवडही फारशी अवघड नव्हती. मार्ग आधी ठरला आणि त्याला साजेसे विमान नंतर आले. हा क्रम साधा वाटतो. परंतु पुढच्या साठ वर्षांत जेव्हा जेव्हा तो उलटा झाला, तेव्हा तेव्हा कंपनीला त्याची किंमत मोजावी लागली, असे माझे मत आहे.

१९६० मध्ये बोइंग ७०७ आले. त्या मालिकेतील विमानांना हिमालयातील शिखरांची नावे मिळाली. मे १९६० मध्ये याच विमानांनी लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, आणि १९६२ मध्ये पंख्याची उरलीसुरली विमाने काढून टाकल्यावर एअर इंडियाचा सारा ताफा जेट विमानांचा झाला. या खरेदीतील फारशी चर्चा न झालेली गोष्ट म्हणजे इंजिनाची निवड. विमान अमेरिकी असले तरी एअर इंडियाने आपल्या पहिल्या ७०७ विमानांसाठी रोल्स-रॉइस कंपनीची कॉनवे इंजिने घेतली, आणि नंतर आलेल्या ७०७ विमानांवर मात्र प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने होती. ‘विमान निवडणे’ हा शब्दप्रयोग त्यामुळे अर्धवटच म्हणावा लागतो. इंजिन वेगळे आले की त्याचे सुटे भाग वेगळे, हत्यारे वेगळी आणि कारागिरांचे प्रशिक्षणही वेगळे. तशातच तापलेली हवा विरळ असल्यामुळे मे महिन्याच्या दुपारी पंख कमी भार उचलतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे ज्या कंपनीचे तळ मुंबई आणि दिल्लीत आहेत, तिला कारखान्याच्या माहितीपत्रकातील पल्ल्याच्या आकड्यावर विसंबून राहता येत नाही.

त्या दशकाच्या मध्यापासून जगातील बहुतेक कंपन्यांना भविष्य ध्वनीपेक्षा वेगवान विमानांचे आहे असे वाटत होते. एअर इंडियानेही दोन कॉनकॉर्डसाठी आपली जागा राखून ठेवली होती. ती पुढे सोडून देण्यात आली, आणि १९७१ मध्ये सांताक्रूझच्या विमानतळावर उतरले ते आकाराने प्रचंड असे बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’. वेगापेक्षा दर आसनामागील खर्च महत्त्वाचा ठरला. मात्र एवढे मोठे विमान एकट्या मुंबईच्या प्रवाशांवर भरत नसे. म्हणून ते लंडनला थांबे, तिथे काही प्रवासी उतरत, नवे चढत आणि मग ते अटलांटिक ओलांडे. मधल्या देशातून प्रवासी घेण्याचा हक्क दोन सरकारांच्या करारातून मिळतो. तेव्हा ७४७चा हिशेब खरे तर त्या करारांच्या कागदांवर उभा होता.

याच काळात दोन इंजिनांच्या विमानांना एक नियम जखडून ठेवत होता. एक इंजिन बंद पडल्यास साठ मिनिटांच्या आत उतरता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच त्यांनी उडावे, असा तो दंडक होता. त्यामुळे ऐंशीच्या दशकात आलेली एअरबस ए३०० आणि ए३१० ही विमाने प्रामुख्याने आखाताच्या आणि मध्यम पल्ल्याच्या मार्गांवर राहिली (रत्नागिरी-रायगडातून आखातात नोकरीला गेलेल्या कित्येकांचा पहिला विमानप्रवास याच पिढीतल्या विमानांतून झाला असेल), आणि महासागर ओलांडण्याचे काम चार इंजिनांच्या विमानांकडेच उरले. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत आणि दशकाच्या अखेरीस १८० मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली. १९९५ मध्ये बोइंग ७७७ सेवेत आले, तेच १८० मिनिटांची परवानगी घेऊन. लांब पल्ल्याच्या विमानांच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल माझ्या मते हाच आहे. चार इंजिनांचे इंधन आणि चार इंजिनांची देखभाल यांचे कारणच त्याने काढून घेतले. पुढे ए३८० सारख्या भव्य विमानाचे उत्पादन २५१ विमानांवर थांबले, आणि एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाच्या अखेरच्या ७४७ ने मुंबईहून उड्डाण करताना पंख हलवून शहराचा निरोप घेतला.

आता २००५-०६ च्या खरेदीकडे वळू, कारण आजच्या ताफ्याचे बरेचसे गुणदोष तिथून आलेले आहेत. एअर इंडियाचा मूळ प्रस्ताव २८ विमानांचा होता. फेरविचारानंतर तो ६८ वर गेला. त्यांत आठ ७७७-२००एलआर, पंधरा ७७७-३००ईआर, सत्तावीस ७८७-८ आणि कमी खर्चाच्या उपकंपनीसाठी अठरा ७३७-८०० होती. विमानांची निवड तांत्रिकदृष्ट्या चुकीची होती असे म्हणता येणार नाही, कारण ७७७-३००ईआर हे तर जगभर यशस्वी ठरलेले विमान आहे. अडचण होती ती प्रमाणाची आणि पैशांच्या मार्गाची. जवळजवळ संपूर्ण खरेदी कर्जातून होणार होती, आणि महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात नेमके याच गोष्टीवर कठोर बोट ठेवले. त्याच सुमारास इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस विमानांची वेगळी मागणी नोंदवली होती, आणि २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाल्यावर दोन्ही कर्जे एकाच छपराखाली आली.

जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले, आणि ७७७-२००एलआरचा हिशेब विस्कटला. पंधरा तासांच्या उड्डाणात सुरुवातीच्या कित्येक तासांचे इंधन हे नंतरच्या तासांचे इंधन वाहून नेण्यासाठीच जळत असते. शिवाय पल्ल्याच्या टोकाला गेलेल्या विमानात वजन कमी करायची वेळ आली की आधी खाली उतरवला जातो तो माल. न्यूयॉर्कची ही सेवा सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे २००७ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले होते आणि लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेल्या हापूसच्या पेट्या तिकडे जाऊ लागल्या होत्या. अशा नाशिवंत मालासाठी प्रवासी विमानाच्या पोटातील जागा हा मोठा आधार असतो, आणि कंपनीलाही तिकिटांखेरीजचे ते उत्पन्न हवेच असते. म्हणून विमान निवडताना ‘किती दूर जाते’ याच्या जोडीला ‘तेवढ्या दूर जाताना पोटात किती टन उरतात’ हेही मोजावे लागते. माहितीपत्रकात पहिला आकडा ठळक असतो. मार्गाचा नफा दुसऱ्यावर अवलंबून असतो.

७८७ ने वेगळा धडा दिला. वजनाने निम्मे कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचे, आणि ज्या ७६७ ची जागा घ्यायची त्याहून सुमारे वीस टक्के कमी इंधन लागणारे असे हे विमान २००८ मध्ये सेवेत येणार होते. प्रत्यक्षात एअर इंडियाचे पहिले विमान सप्टेंबर २०१२ मध्ये आले, आणि जानेवारी २०१३ मध्ये बॅटरीच्या दोषामुळे जगातील सगळीच ७८७ विमाने काही महिने जमिनीवर राहिली. तरीही माझ्या मते त्या खरेदीतील सर्वांत योग्य निवड हीच होती. २५६ आसनांचे हे विमान ७७७ एवढे भरावे लागत नाही, आणि त्यामुळे मेलबर्न किंवा मिलान यांसारखी मध्यम मागणीची शहरे थेट जोडता येतात. याच व्यवहाराची भरपाई म्हणून बोइंगने नागपूरच्या मिहानमध्ये विमान देखभाल-दुरुस्तीचे केंद्र उभारले आणि ते २०१५ मध्ये सुरू झाले. विमान कुठे दुरुस्त होणार, हाही खरेदीचाच भाग असतो.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली, आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी ४७० विमानांची मागणी जाहीर झाली. त्यांतील रुंद बांध्याची विमाने सत्तर: चौतीस ए३५०-१०००, सहा ए३५०-९००, वीस ७८७-९ आणि दहा ७७७-९. एकाच कंपनीकडून सगळी घेतली असती तर वैमानिकांचे प्रशिक्षण, सिम्युलेटर आणि सुटे भाग यांचा खर्च कमी झाला असता, आणि हा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तरीही विभागणी करण्यामागे सबळ कारणे दिसतात. ए३५०-१००० हे जवळपास ७७७-३००ईआरएवढेच प्रवासी नेते, पण त्याचे कमाल उड्डाण वजन ३५१ टनांऐवजी ३२० टनांच्या आसपास असते. तीस टनांचा हा फरक प्रत्येक उड्डाणात इंधनाच्या रूपाने परत मिळतो. दुसरे कारण रांगेचे आहे. दोन्ही कारखान्यांत मागणी नोंदवल्यापासून विमान हाती येईपर्यंत कित्येक वर्षे जातात, आणि ज्याच्याकडे लवकरची जागा रिकामी आहे त्याचे पारडे आपोआप जड होते. सहा ए३५०-९०० विमाने मुळात रशियाच्या एरोफ्लोटसाठी बांधली जात होती. निर्बंधांमुळे ती तिकडे जाऊ शकली नाहीत, म्हणून त्यांतील पहिले विमान डिसेंबर २०२३ मध्येच भारतात उतरले. याउलट ७७७-९ चे पहिले उड्डाण जानेवारी २०२० मध्ये होऊनही ते ग्राहकांच्या हाती पडण्याची तारीख सतत पुढे सरकत राहिली.

नवी विमाने येईपर्यंत जुन्यांवरच भिस्त असते. म्हणून भाड्याची ७७७ आली, आणि ४० जुन्या रुंद विमानांच्या अंतर्भागाच्या नूतनीकरणासाठी ४० कोटी डॉलरची योजना आखली गेली. ती आसनांच्या तुटवड्यामुळे रेंगाळली, आणि पहिले ७८७-८ जुलै २०२५ मध्ये त्यासाठी कॅलिफोर्नियाला रवाना झाले. त्याआधी एप्रिलमध्ये पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद झाल्याने दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांचे अंतर वाढले होते, आणि १२ जूनला अहमदाबादच्या भीषण अपघातात एक ७८७-८ व २६० माणसे गेली. उरलेली २६ विमाने एकेक करून नूतनीकरणासाठी बाहेर काढायची आणि लांबलेले मार्गही चालू ठेवायचे, एवढी विमाने कंपनीकडे नव्हती. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवण्यात आली.