फोटो ‘आला’ ते फोटो ‘केला’: हौशी लोकांच्या एडिटिंगची पार्श्वभूमी

नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यातून परत येताना चांदोरी यायच्या आत गाडीत एक वाद हमखास होतो. मागच्या सीटवर कुणीतरी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चक्रवाक दाखवतो आणि दुसरा म्हणतो, घरी जाऊन एडिट करणार ना, मग काय अर्थ आहे. नवीन पोरं तर ‘नो एडिट’ असं अभिमानाने लिहूनच फोटो टाकतात. हा वाद कुठून आला ते बघायचं तर आधी आपली मराठीच बघा, आपण म्हणतो ‘फोटो छान आलाय’. फोटो येतो. आपोआप, पाऊस आल्यासारखा.

रोलच्या काळात हे खरं वाटायचं कारण आपण ३६ फोटो काढून रोल धुवायला टाकायचो आणि दोन दिवसांनी पाकीट घेऊन यायचो. मधे काय झालं ते कुणी बघितलेलं नसायचं. पण तिकडे मशीनवर बसलेला माणूस प्रत्येक निगेटिव्ह बघून रंगाची बटणं दाबत असायचा, चेहरा पिवळा वाटला की थोडा निळा वाढव, फारच काळा वाटला की डेन्सिटी कमी कर. म्हणजे एडिटिंग होतंच, फक्त करणारा दुसरा होता आणि त्याचं नावही आपल्याला माहीत नव्हतं. नाशिकच्या शालिमारजवळच्या एका लॅबमधला माणूस सुट्टीवर गेला की आमच्या घरातले सगळे फोटो हिरवट यायचे, आणि आम्ही समजायचो कॅमेरा बिघडला.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगतो. स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवून मुरुमं आणि देवीचे व्रण घालवायचे, भिंतीवरच्या आजी-आजोबांच्या फोटोत गालाला आणि पदराला हाताने रंग भरलेला असायचा. चित्रपटाच्या आधी फोटोग्राफी, छपाई आणि जादूचे प्रयोगसुद्धा केलेला माणूस, म्हणजे दादासाहेब फाळके, आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मला, त्यामुळे ‘खरा फोटो’ या गोष्टीवर नाशिककरांनी तरी एवढं भोळं असायला नको होतं, असो.

खरा गुंता शब्दाचा आहे आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडे तीन वेगळी कामं होती आणि तीन शब्द होते. पेन्सिलवालं काम म्हणजे ‘टचिंग’. मग कॉम्प्युटर आला, लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे स्वित्झर्लंडचा डोंगर आणि कोपऱ्यात गुलाबाचं फूल बसवायला लागले, ते ‘मिक्सिंग’. आणि तिसरं लॅबमधलं रंग-उजेडाचं काम, त्याला गिऱ्हाईकाच्या तोंडी शब्दच नव्हता कारण ते होतं हेच माहीत नव्हतं. फोटोशॉप १९९० मध्ये आलं ते फक्त मॅकिंटॉशवर, लेअर, म्हणजे एकावर एक ठेवायचे थर, आले १९९४ मध्ये, पण आपल्याकडे ते घरोघरी पोचलं ते २००२ चं सातवं व्हर्जन, ज्यात डाग पुसणारा हीलिंग ब्रश होता. सीडी कुठून आली ते विचारू नका. ते शिकवणाराही फोटोग्राफर नव्हता, फ्लेक्स बनवणारा होता, भाऊंचा वाढदिवस आणि खाली शुभेच्छुकांची तीस डोकी कापून ओळीत लावणारा. त्यामुळे आमच्या पिढीने एडिटिंग म्हणजे डोकं कापणं असंच शिकलं. टचिंग, मिक्सिंग आणि ते बिननावाचं तिसरं काम, तिन्ही एकाच ‘एडिटिंग’ या शब्दात कोंबली गेली, आणि मग ‘फोटोशॉप केलाय’ ही शिवी झाली. आज गाडीत जे भांडण होतं त्यातला एक जण मिक्सिंगबद्दल बोलत असतो आणि दुसरा लॅबवाल्याच्या बटणांबद्दल, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

२००३ च्या कुंभमेळ्यात मी आणि माझ्या ओळखीतले सगळे रोलवरच होतो. रामकुंडावर पहाटे काढलेले चार रोल, त्यातले अर्धे लॅबने ‘उजळून’ दिले, म्हणजे पहाटेची दुपार केली. त्याच वर्षी तिकडे फोटोशॉपमध्ये रॉ फाईल, म्हणजे सेन्सरने मोजलेली कच्ची माहिती, उघडायची सोय आली, आणि सामान्य माणसाला जमेल अशा किमतीचे डिजिटल एसएलआर त्याच सुमारास बाजारात यायला लागले. २००७ मध्ये लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं. इथे डोकं कापायची भाषाच नव्हती, सगळे स्लायडर, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सावल्या. मूळ फाईलला हात लागत नाही, काय बदल केले त्याची फक्त नोंद राहते. मला विचाराल तर लॅबमधला तो बिननावाचा माणूस त्या दिवशी आपल्या टेबलावर येऊन बसला, आणि त्याचं काम आपल्याला येत नाही हेही त्याच दिवशी कळलं.

ते कसं कळलं त्याचं एक उदाहरण. काळाराम मंदिराचा दगड. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, त्यामुळे काळा दगड फ्रेम भरून काढला की फोटोत तो राखाडी, धूळ बसल्यासारखा येतो. मी दोन वर्षं समजत होतो की लेन्स स्वस्तातली आहे. मग एकाने शेजारी बसवून एक्स्पोजर खाली ओढून दाखवलं, ब्लॅक अजून खाली, आणि दगड एकदम दगड झाला, छिन्नीच्या खुणांसकट. म्हणजे न एडिट केलेला फोटो खोटा होता आणि केलेला खरा. गंगापूर धरणावर पांढऱ्या बगळ्यांचं उलटं होतं, ते करडे येतात.

आणि रॉ म्हणजे ‘ओरिजिनल फोटो’ हा अजून एक गैरसमज. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यातला एकच रंग मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. १२ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला ४०९६ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये रंगामागे २५६. जेपेग काढलं की कॅमेरा स्वतःच व्हाइट बॅलन्स ठरवतो, कॉन्ट्रास्ट देतो, शार्प करतो आणि उरलेलं टाकून देतो. ‘नो एडिट’ लिहिणाऱ्याने एडिटिंग कंपनीच्या इंजिनिअरला दिलेलं असतं, एवढंच.

आता त्या निर्णयाकडे येतो ज्यावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन जण अजून बोलत नाहीत. २०१४ मध्ये जगातल्या तीन मोठ्या फोटोग्राफी संस्थांनी मिळून निसर्ग फोटोची एक व्याख्या ठरवली आणि आपल्याकडच्या स्पर्धांमध्येही तीच झिरपली. क्रॉप चालेल, पण त्याशिवाय फोटोतली कुठलीही गोष्ट वाढवायची, हलवायची किंवा काढायची नाही. सेन्सरवरची धूळ आणि नॉईज, म्हणजे कमी उजेडातले रवाळ ठिपके, काढा, ठीक. डॉजिंग-बर्निंग, म्हणजे एखादाच भाग उजळ किंवा गडद करणं, ठीक. एचडीआर आणि फोकस स्टॅकिंगसुद्धा (वेगवेगळ्या उजेडाचे किंवा फोकसचे फोटो एकत्र करणं) ठीक, पण पॅनोरमासाठी फोटो जोडले तर तेव्हा बाद व्हायचे! माझी स्वतःची जांभळी पाणकोंबडी यात गेली. लाल चोचीच्या बरोब्बर पुढून पाणकणसाचं एक वाळलेलं पातं गेलं होतं, ते मी ब्रशने पुसलं, दहा सेकंदांचं काम, आणि परीक्षकांनी रॉ मागितली. बाद. मला तेव्हा राग आला होता आणि थोडा अजूनही आहे, कारण त्याच स्पर्धेत ज्याने तेच पातं काडी मोडून शूटिंगच्या आधी बाजूला केलं असतं त्याला एडिटिंगच्या या नियमाने धरलं नसतं. तरी पक्ष्याच्या घराला हात लावण्यापेक्षा पिक्सेलला लावलेला बरा, असं माझं मत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की आज पातं, उद्या शेजारचा पक्षी, आणि तेही चूक नाही.

बाकी २०१३ पासून फोटोशॉपची नवीन व्हर्जन फक्त महिन्याच्या भाड्यावर मिळायला लागली, त्यावर बऱ्याच शिव्या पडल्या, काही लोक डार्कटेबल आणि रॉथेरपी या फुकटच्या सॉफ्टवेअरकडे गेले, बहुतेक जण मुकाट्याने भरायला लागले. स्नॅपसीड हे एडिटिंगचं अ‍ॅप मोबाईलवर फुकट मिळायला लागलं आणि २०१५ च्या कुंभमेळ्यात घाटावरून एडिट करून तिथूनच फोटो टाकणारे लोक दिसले. मॉनिटर कॅलिब्रेट न करता, म्हणजे त्याचे रंग-उजेड तपासून न घेता, रात्री अंधारात लॅपटॉपवर एडिट करायचं आणि १२ बाय १८ ची प्रिंट काळीकुट्ट आली की लॅबवाल्याशी भांडायचं, ते भांडण मात्र रोलच्या काळापासून तसंच चालू आहे.

२०२३ मध्ये लाइटरूममध्येही एआयवालं डीनॉईज (नॉईज काढायची सोय) आलं आणि नियमांची परत पंचाईत झाली. नॉईज काढणं तर व्याख्येत बसतं. पण आयएसओ १२८०० ला, म्हणजे फार कमी उजेडात, काढलेल्या पक्ष्याच्या पंखात जी पिसं मशीन उभी करतं ती त्या पक्ष्याची की आधी शिकलेल्या दुसऱ्या फोटोंमधली, हे परीक्षकाने कसं ओळखायचं? आमच्याकडे तूर्तास एवढाच तोडगा निघालाय की फोटोसोबत मूळ रॉ फाईल द्यायची, आणि फोनमधून फोटो काढणाऱ्यांनी काय द्यायचं यावर अजून मीटिंग चालू आहेत.