साठ फ्रेम दाखवतंय, तरी मळमळतंय

गेल्या महिन्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, कोपऱ्यात साठ एफपीएस दाखवतंय, तरी गेम अडखळतो. अर्ध्या तासात मळमळायला लागतं आणि मग रात्रभर डोकं जड. पीसी बिघडलाय का?" एफपीएस म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, काढतो तो आकडा. मित्रांनी त्याला दोन सल्ले दिले होते: ग्राफिक्स कार्ड (पीसीतला चित्र काढणारा भाग) बदल, नाहीतर सवय होईपर्यंत खेळत राहा. पहिला सल्ला महागडा होता आणि दुसरा अंगावर येणारा, कारण मळमळत असताना रेटून खेळलं की त्रास वाढतोच. फोनवर त्याला थोडक्यात सांगितलं, पण त्यामागची हकिगत बरीच जुनी आहे. ती इथे नीट मांडतो.

आपण याला गाडी लागणं म्हणतो. आंबोलीच्या घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्या पोराला गाडी लागते, ड्रायव्हरला लागत नाही. वळण कधी आणि किती येणार हे ड्रायव्हरला आधी ठाऊक असतं, त्याचं अंग तयार असतं. पोरानं मोबाइलमध्ये डोकं घातलेलं असेल, तर चार वळणांत पिशवी शोधावी लागते. "खिडकीतून लांब बघ" असं आई सांगते ते अगदी बरोबर आहे. लांबचा डोंगर पाहिला की डोळ्यांना आणि कानांना एकच हालचाल कळते.

कान म्हणजे इथे तोल सांभाळणारा आतला कान. त्यात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८८२ मध्ये मूकबधिर व्यक्तींच्या भोवळीचा अभ्यास मांडला. गोल गोल फिरवूनही त्यांच्यातल्या अनेकांना भोवळ येत नव्हती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नौदलानं हाच धागा उचलला. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजमधले अकरा बधिर पुरुष प्रयोगासाठी निवडले गेले. त्यांपैकी बहुतेकांच्या आतल्या कानाचं काम मेंदूज्वरामुळे थांबलेलं होतं. त्यांना सतत फिरणाऱ्या खोलीत दिवसच्या दिवस ठेवलं, वजनविरहित अवस्थेचा अनुभव देणाऱ्या विमानात बसवलं. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं, तेव्हा हे लोक निवांत पत्ते खेळत बसले. संशोधकच इतके आडवे झाले की प्रयोग सोडून द्यावा लागला. मळमळीत आतल्या कानाचा वाटा किती मोठा आहे, याचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

गेममध्ये घाटाच्या उलट घडतं. अंग खुर्चीत स्थिर असतं आणि डोळे धावत असतात. दादरला गाडीत बसलेले असताना शेजारची लोकल सुटली की क्षणभर आपलीच गाडी हलल्यासारखी वाटते, तोच हा भास. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याची नोंद केली होती. १९७५ मध्ये जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड या संशोधकांनी गाडी लागण्यावरच्या आपल्या पुस्तकात सांगितलं की त्रासाचं मूळ ज्ञानेंद्रियांच्या विसंगतीत आहे: डोळे एक सांगतात, कान दुसरंच, आणि अनुभवानं मेंदू तिसऱ्याचीच अपेक्षा करत असतो. पण त्यावर उलटी का व्हावी? मानसशास्त्रज्ञ मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ मध्ये सुचवलं की इंद्रियांचा असा गोंधळ निसर्गात मुख्यतः विषबाधेमुळे होतो, म्हणून शरीर पोट रिकामं करायला बघतं. ही कल्पना अजून वादात आहे. शरीराचा तोल सांभाळण्यातली अस्थिरता हेच खरं कारण, असं मानणाराही एक गट आहे.

गेमरांच्या आधी पडद्यासमोर बसून वैमानिक आजारी पडले होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवर बसून उडण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, हा त्रास नोंदवला गेला, आणि त्यात एक गोष्ट वेगळीच निघाली. शिकाऊ मुलांपेक्षा मुरलेल्या प्रशिक्षकांना जास्त मळमळत होतं. खरं हेलिकॉप्टर कसं डोलतं हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं, म्हणून खोटं डोलणं त्यांनाच जास्त खटकलं. ज्याला त्रास होतो तो लेचापेचा, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. पुढे १९९३ मध्ये रॉबर्ट केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा लक्षणांची प्रश्नावली तयार केली. मळमळ, डोळ्यांवरचा ताण आणि दिशा हरवणं अशा तीन गटांत ती मोजते, आणि आजही संशोधनात वापरली जाते.

त्याच सुमारास असे सिम्युलेटर गेमच्या रूपात घरोघरी पोचले. ५ मे १९९२ रोजी 'वुल्फेनस्टाइन ३डी' आला, १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम'. डूममध्ये चालताना दृश्य पावलांच्या तालावर वरखाली होतं. ते तेव्हा फार खरं वाटलं, आणि अनेकांचं डोकं तिथेच गरगरलं. डूमचं घड्याळ सेकंदाला ३५ ठोक्यांवर चालतं, कारण त्या काळचा व्हीजीए पद्धतीचा मॉनिटर हा गेम चालताना सेकंदाला ७० वेळा चित्र काढायचा आणि ३५ हे त्याच्या बरोबर निम्मं. प्रत्येक फ्रेम नेमकी दोन वेळा दिसायची. पीसी तेवढा दमदार असेल तर चाल कमी वेगाची, पण एकसारखी.

मग १९९६ मध्ये 'क्वेक' हा गेम आला आणि त्यासोबत 'टाइमडेमो' नावाची एक छोटी आज्ञा. गेममधल्या आज्ञांच्या चौकटीत ती टाइप केली की रेकॉर्ड केलेला खेळ पूर्ण वेगानं धावायचा आणि शेवटी एक ओळ उमटायची: इतक्या फ्रेम, इतके सेकंद, सरासरी इतके एफपीएस. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू हे ग्राफिक्स कार्ड आलं आणि कार्डांची शर्यत सुरू झाली. शर्यतीला एक आकडा लागतो, तो या ओळीनं दिला. पुढे 'फ्रॅप्स' नावाच्या प्रोग्रॅमनं तोच आकडा पिवळ्या अक्षरांत पडद्याच्या कोपऱ्यात आणून बसवला. पुढची पंधराएक वर्षं मासिकं, दुकानदार आणि आम्ही खेळणारे सगळेच त्या सरासरीवर विसंबलो.

सरासरी काय लपवते ते एका सेकंदात बघा. ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाल्या, म्हणजे ८८५. साठावी अडकली आणि तिला ११५ मिलिसेकंद लागले. एकूण बरोबर एक सेकंद, साठ फ्रेम. कोपऱ्यात ६० दिसतंय, आणि मधे दृश्य एका सेकंदाच्या नवव्या भागाहून जास्त वेळ गोठलेलं होतं. हातानं माउस फिरवला, मेंदूनं दृश्य फिरण्याची वाट पाहिली आणि ते फिरलंच नाही. रीझन-ब्रँड ज्या विसंगतीबद्दल बोलत होते, ती इथे सेकंदाच्या आत घडते.

सप्टेंबर २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या वेबसाइटच्या स्कॉट वॉसन यांनी याला तोंड फोडलं. सेकंदाला किती फ्रेम हे मोजणं पुरेसं नाही, प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजा, असं त्यांनी आलेख काढून दाखवलं. तेव्हा हौशी लोक दोन-दोन कार्डं जोडत. एक कार्ड सम फ्रेम काढायचं, दुसरं विषम, आणि त्या जोडीजोडीनं यायच्या: दोन लागोपाठ, मग खंड. आकडा दुप्पट दिसायचा, डोळ्यांना मात्र फारसा फरक जाणवायचा नाही. २०१३ मध्ये कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं पडद्यावर प्रत्यक्ष काय पोचतं ते पकडणारं 'एफकॅट' हे साधन बाहेर दिलं. त्यात काही फ्रेम जेमतेम काही ओळींच्या पट्टीएवढ्याच दिसत असल्याचं उघड झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची स्पर्धक एएमडीनं फ्रेमचं अंतर सारखं करणारा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, दिला. एका लेखामुळे अख्ख्या धंद्याची मोजपट्टी बदलली. आज रिव्ह्यूमध्ये 'एक टक्का लो', म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, छापून येतं त्याचं मूळ इथे आहे.

दुसरा गुंता मॉनिटरचा. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र घेतो. व्हीसिंक, म्हणजे मॉनिटरच्या पाळीलाच फ्रेम दाखवण्याची सोय, लावला आणि एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली, तर ती पुढच्या पाळीची वाट बघत ३३ व्या मिलिसेकंदाला दिसते. व्हीसिंक काढला की चित्र मधोमध फाटतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक जाहीर केलं: फ्रेम तयार झाली की मॉनिटरनंच चित्र बदलायचं. जानेवारी २०१४ मध्ये एएमडीनं तशीच सोय, फ्रीसिंक, दाखवली आणि मे महिन्यात व्हेसा या संस्थेनं ती ॲडॅप्टिव्ह सिंक या नावानं डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीच्या मानकात घेतली. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरवर चालू लागली, आणि मग त्या कार्डवाल्यांनाही ही सोय स्वस्त मॉनिटरवर मिळू लागली.

हे सगळं फ्रेमचं झालं. दृश्याच्या रुंदीचा, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यूचा (एफओव्ही) मुद्दा वेगळा आहे, आणि मळमळीच्या बाबतीत माझ्या मते त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो तुमच्या नजरेचे जवळपास ४८ अंश व्यापतो. हॉलमधला ४३ इंची टीव्ही अडीच मीटरवरून जेमतेम २२ अंश. टीव्हीसाठी ६० ते ६५ अंशांवर बेतलेला कन्सोलचा (प्लेस्टेशनसारख्या टीव्हीला जोडायच्या यंत्राचा) गेम तसाच पीसीवर आणला की नाकासमोर दुर्बीण धरून धावल्यासारखं होतं. जुन्या चौकोनी मॉनिटरवर क्वेक ९० अंश दाखवायचा. तेवढीच उंची कायम ठेवली तर आजच्या रुंद पडद्यावर ते १०६ होतात. पीसीवाले एफओव्हीचा स्लायडर मागत राहिले तो हट्ट नव्हता, तब्येतीची गरज होती. काही कंपन्यांनी हे लवकर ओळखलं. २००८ च्या 'मिरर्स एज'मध्ये पडद्याच्या मधोमध एक छोटा ठिपका होता. गिरकी घेताना नर्तक जशी एका बिंदूवर नजर रोखतात, तसा डोळ्यांना आधार देणारा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'नं २०२० मध्ये असा ठिपका, कॅमेऱ्याचं हलणं आणि मोशन ब्लर (हलताना दृश्य पुसट होणं) हे सगळं मळमळीसाठीच्या वेगळ्या सेटिंगमध्ये एकत्र आणलं.

व्हीआरनं, म्हणजे डोळ्यांवर पडदा बांधून खेळायच्या प्रकारानं, या विषयाला घाई लावली. क्वेकवर काम केलेले मायकेल ॲब्रॅश यांनी २०१२ च्या अखेरीस लिहिलं होतं की डोकं हलल्यापासून दृश्य बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला तर व्हीआर जमणार नाही. २०१६ मध्ये रिफ्ट आणि व्हाइव्ह हे व्हीआर संच दोन्ही ९० हर्ट्झवर आले. त्याआधी २०१५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात दृश्यात एक खोटं नाक काढून पाहिलं, आणि लोक जास्त वेळ टिकले. नाक आपल्याला कायम दिसत असतं, फक्त आपण त्याची दखल घेत नाही.

पीसीवर मात्र मधल्या काळात एक नवं अडखळणं आलं. २०१५ चं डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ चं व्हल्कन या गेम आणि कार्डामधल्या दुव्यांनी पूर्वी ड्रायव्हर गुपचूप करत असलेलं बरंच काम गेम बनवणाऱ्यांकडे सोपवलं. शेडर, म्हणजे प्रकाश-रंगाचे छोटे प्रोग्रॅम, प्रत्येक कार्डासाठी वेगळे तयार करावे लागतात. आधी तयार केले नाहीत तर नवा राक्षस, नवा स्फोट पहिल्यांदा दिसताना दृश्य गचकतं. दुसऱ्यांदा त्याच जागी गेलात की सगळं सुरळीत. कन्सोलवर हे होत नाही, कारण तिथे कार्ड एकच असतं. सुरुवातीला 'शेडर तयार होत आहेत' असा मजकूर दिसला तर कंटाळून ते टाळू नका.

आणि आता फ्रेम जनरेशन. एनव्हिडियाच्या ऑक्टोबर २०२२ च्या डीएलएसएस ३ या तंत्रापासून दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्ड स्वतः रचलेली फ्रेम घालतं. हालचाल मऊ दिसते, पण माउसला प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगानं मिळतो, उलट किंचित उशिरा. कोपऱ्यातला आकडा पुन्हा एकदा शरीराला जाणवणाऱ्या गोष्टीपासून दूर गेला आहे.

भाच्याचं काय निघालं ते सांगतो. त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा होता, गेमला ६० ची मर्यादा लावलेली आणि व्हीसिंक चालू. म्हणजे तीन फ्रेम प्रत्येकी १३ मिलिसेकंद दिसायच्या, चौथी २७. तेरा, तेरा, तेरा, सत्तावीस. सेकंदाला पंधरा वेळा हा झटका. आकडा खराच होता, ६०. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक बंद होतं, ते चालू केलं. ड्रायव्हरमध्येही टिक लावली. एफओव्ही ६५ वरून ९० वर नेला, मोशन ब्लर आणि पावलांचं डोलणं बंद केलं, खोलीत दिवा लावायला सांगितलं आणि खुर्ची वीतभर मागे. एक रुपया खर्च झाला नाही.

आठवड्यानं त्याचा मेसेज आला: तासभर खेळलो मामा, डोकं ठीक आहे, फक्त शिडी चढताना अजून गरगरतं. शिडीवर तो गेम कॅमेरा स्वतःच्या ताब्यात घेतो आणि त्याला सेटिंग नाही. तिथे पोहोचलं की नजर पडद्याच्या कडेला, मॉनिटरच्या काळ्या चौकटीवर ठेव, असं त्याला कळवलंय.